टाचेमागची कमान आणि पेटंटची कसोटी

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित पाठ)



स्मृतिव्याख्यानासाठी मी बुटाची टाच हा विषय निवडला आहे. विषय लहान दिसतो. पण कायद्यातलं मोठं तत्त्व लहान वस्तूत जितकं स्वच्छ दिसतं, तितकं मोठ्या यंत्रात दिसत नाही. हात न लावता, न वाकता पायात चढणारा बूट आपण अलीकडे दुकानांत पाहतो. त्याच्या टाचेमागे एक लवचिक आधार असतो. पाय आत शिरताना तो दबतो आणि पाय आत बसला की पुन्हा उभा राहतो. अशा रचनांवर पेटंट मागणारे अर्ज अमेरिकेत गेली काही वर्षं एकामागून एक येत आहेत. त्या अर्जांची तपासणी कशी होते, कशी व्हायला हवी आणि त्यात आपला काय संबंध, याबद्दल मी आज बोलणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. न वाकता बूट घालता यावा, ही गरज सगळ्यांची आहे आणि गरजेवर कोणाचीही मालकी असू शकत नाही. मालकी मिळते ती गरज भागवण्याच्या एका ठरावीक रचनेवर, आणि तीही ठरावीक मुदतीपुरती. गरज कुठे संपते आणि रचना कुठे सुरू होते, ही रेघ ओढण्याचं काम पेटंट परीक्षक करतो. ती रेघ चुकली, तर नुकसान सगळ्यांत आधी त्या माणसाचं होतं, ज्याला त्या बुटाची सगळ्यांत जास्त गरज आहे.

ज्यांना वाकता येत नाही

बूट घालायला काय काय लागतं ते पाहा. कमरेतून वाकावं लागतं, गुडघा दुमडावा लागतो, क्षणभर एका पायावर तोल सांभाळावा लागतो, बोटांत जोर लागतो आणि बहुधा दोन्ही हात लागतात. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णांना सुरुवातीचे काही आठवडे कमरेत काटकोनापलीकडे वाकू नका, असं अनेक डॉक्टर सांगतात. पक्षाघातानंतर एका हाताची साथ सुटते. संधिवातात बोटं मिटत नाहीत, पार्किन्सनमध्ये ती थरथरतात. दिवस भरत आलेल्या बाईला स्वतःच्या पावलांपर्यंत पोचता येत नाही. या सगळ्यांना रोज सकाळी कोणाला तरी हाक मारावी लागते. घराबाहेर पडायचं की नाही, हे त्या हाकेवर ठरतं.

2012 मध्ये अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाने नायकी कंपनीला पत्र लिहिलं. त्याला सेरेब्रल पाल्सी होती. लवकरच कॉलेजला जायचं होतं, पण बुटाच्या नाड्या स्वतःला बांधता येत नव्हत्या. कंपनीतले डिझायनर टोबी हॅटफील्ड यांनी ते मनावर घेतलं आणि 2015 मध्ये फ्लायईझ नावाचा बास्केटबॉलचा बूट बाजारात आला. त्याची झिप टाचेभोवती फिरत जाऊन मागचा भाग उघडायची. फेब्रुवारी 2021 मध्ये कंपनीने गो फ्लायईझ जाहीर केला. त्यात नाडी नाही, झिप नाही, पट्टाही नाही. तळ मधून बिजागरीवर दुमडतो. पाय आत घालून दाब दिला की बूट मिटतो आणि तसाच राहतो.

याच काळात अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या किझिक या कंपनीने दुसरी वाट धरली. तिने बुटाचा आकार नेहमीचा ठेवला आणि टाचेचा मागचा भाग दबून परत येईल असा केला. 2019 मध्ये नायकीने या तंत्रज्ञानामागच्या कंपनीत गुंतवणूकही केली. इथून पुढे हा विषय शिवणकामाच्या टेबलावरून पेटंट कार्यालयाच्या टेबलावर गेला.

अडचण नेमकी कुठे आहे

परीक्षकाचं काम समजण्याआधी कारागिराची अडचण समजून घेऊ. बुटाच्या मागच्या भागात, वरचं चामडं आणि अस्तर यांच्या मध्ये, एक कडक तुकडा बसवलेला असतो. धंद्यात त्याला काउंटर म्हणतात. तो टाचेच्या हाडाला दोन्ही बाजूंनी धरतो, पाय डावी-उजवीकडे सरकू देत नाही आणि चालताना बूट मागून निसटू देत नाही. बूट पायात राहतो तो बऱ्याच अंशी या तुकड्यामुळे.

पण पाय आत जाताना हाच तुकडा आडवा येतो. टाचेच्या खालच्या टोकापासून घोट्यापुढच्या वळणापर्यंत पावलाचा जो घेर असतो, तो बुटाच्या तोंडापेक्षा मोठा असतो. फर्मा, म्हणजे बुटाचा साचा, तयार करणारे हे माप वेगळं घेतात. म्हणजे पाय आत शिरेपर्यंत ते तोंड क्षणभर मोठं व्हायला हवं आणि लगेच पूर्ववत व्हायला हवं. घाईत आपण चवडा आत घालतो आणि टाचेने मागची कड खाली चेपतो. असं काही दिवस केलं की काउंटर मोडतो. मग तो बूट चपलेसारखा ओढत चालावा लागतो, आणि पडण्याची भीती ज्याला सर्वांत जास्त आहे, त्याच्याच पायात तो सैल होतो.

ही अडचण सोडवण्याच्या वाटा अनेक आहेत. बाजूला लवचिक कापड लावा. लंडनचे बूटकार जे. स्पार्क्स हॉल यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी असे बूट केले आणि 1840 मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. दुसरी वाट म्हणजे टाचेचा आधार खाली दबेल आणि उसळून परत येईल असा करायचा. तिसरी वाट म्हणजे तळालाच बिजागरी बसवायची. चौथी वाट दुसरीच्या अगदी उलट आहे. तिथे टाच मुळीच दबू द्यायची नाही. ती कडकच ठेवायची, वरची कड बाहेरच्या बाजूला झुकवायची आणि आतून गुळगुळीत करायची, म्हणजे बुटाची मागची भिंतच शूहॉर्नचं, टाच आत सरकवायच्या पट्टीचं, काम करते. स्केचर्सचे स्लिप-इन्स साधारण या जातीचे आहेत.

या दोन उलट वाटा लक्षात ठेवा. एकाच गरजेला एकजण टाच मऊ करून उत्तर देतो, दुसरा टाच कडक ठेवून. आता कल्पना करा की पहिल्याने ‘हात न लावता पाय आत जाईल अशी कोणतीही टाच’ असं पेटंट मिळवलं असतं. दुसऱ्याची वाट सुरू होण्याआधीच बंद झाली असती.

परीक्षकाच्या टेबलावर

पेटंटच्या अर्जात वर्णन असतं, आकृत्या असतात आणि शेवटी दावे असतात. हक्क मिळतो तो दाव्यांतल्या शब्दांवर. समजण्यासाठी मी एक दावा इथे स्वतःच रचतो. हा कोणत्याही खऱ्या अर्जातला नाही.

‘एक पादत्राण, ज्यात तळ आहे, तळाला जोडलेला वरचा भाग आहे आणि टाचेमागे असा लवचिक आधार आहे, जो पाय आत जाताना दबतो आणि पाय आत गेल्यावर मूळ जागी परत येतो.’

ऐकायला हे नेमकं वाटतं. परीक्षक त्याचे तुकडे करतो. तळ: प्रत्येक बुटाला असतो. वरचा भाग: तोही असतो. टाचेमागे लवचिक आधार: इथे तो थांबतो आणि शोध घेतो. जगभरची पेटंटं विषयवार वर्गीकरणात लावलेली असतात. घालायला-काढायला सोपी पादत्राणं ए 43 बी 11/00 या गटात सापडतात. टाचेला आणि चवड्याला कडकपणा देणारे तुकडे ए 43 बी 23/08 मध्ये. शूहॉर्न तर घरगुती वस्तूंच्या वर्गात आहे, ए 47 जी 25/82. ज्या अर्जात बुटाची टाचच शूहॉर्न झाली आहे, त्याच्यासाठी परीक्षकाला या तिन्ही ठिकाणी पाहावं लागतं. नुसत्या बुटांच्या कपाटात शोधलं, तर जुनं उत्तर घरगुती वस्तूंच्या कपाटात पडून राहतं आणि जुन्याच गोष्टीवर नवं पेटंट निघतं.

समजा, एका जुन्या पेटंटमध्ये टाचेमागे स्प्रिंगसारखी पट्टी आढळली. दाव्यातली प्रत्येक गोष्ट त्या एकाच कागदात असेल, तर दाव्यात नावीन्य उरत नाही. परीक्षक तसं अहवालात लिहितो. अर्जदार मग दावा आवळतो: आधार कमानीच्या आकाराचा आहे, त्याची दोन्ही टोकं टाचेच्या मध्यापुढे तळात घट्ट बसवली आहेत, मधला भाग तळाला कुठेही जोडलेला नाही, दाब आला की कमान तळाच्या मागच्या कडेबाहेर झुकते, त्यामुळे चामड्याला चुणी पडत नाही आणि ती चुणी अकिलिसच्या शिरेवर घासत नाही.

आता बोलणं रचनेबद्दल सुरू झालं. टोकं कुठे रोवली आहेत, मधला भाग मोकळा का ठेवला आहे, वाकताना तो कोणत्या बाजूला जातो, हे सगळं मोजता येतं आणि पडताळून पाहता येतं. दुसऱ्या कारागिराला हे वाचून कळतं की आपण कुठे जायचं नाही आणि आपल्याला कुठे मोकळीक आहे. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या माणसाला टाचेवरचं घासणं कळतही नाही आणि त्यातून जखम होते. ‘घासत नाही’ हा फायदा खऱ्या रचनेतून येत असेल, तर त्या रचनेला पेटंट मिळणं योग्य आहे. परीक्षकाच्या नकारानेच अर्जदाराला ही रचना नीट लिहायला लावलं. चांगल्या परीक्षणाचं फळ असं असतं.

गरजेवर हक्क सांगता येत नाही

हे तत्त्व जुनं आहे. तारयंत्राचा जनक सॅम्युएल मोर्स याने आपल्या पेटंटमध्ये एक आठवा दावा घातला होता. विद्युतचुंबकीय शक्ती वापरून दूरवर अक्षरं उमटवण्याच्या कोणत्याही प्रकारावर, त्याच्या यंत्राशी संबंध नसला तरी, त्याला हक्क हवा होता. 1854 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे इतर दावे मान्य केले आणि आठवा नाकारला. मोर्सने एक मार्ग शोधला होता. पुढे कोणी अधिक सोपा मार्ग शोधला, तर त्यालाही मोर्सची परवानगी लागावी, हे न्यायालयाला पटलं नाही.

दुसरा निकाल 1997 चा, पेटंटच्या अपिलांसाठी असलेल्या अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाचा. अर्जदार श्रायबर याने पॉपकॉर्नच्या डब्यासाठी शंकूच्या आकाराचं झाकण केलं होतं. डबा हलवला की थोडे थोडे दाणे बाहेर पडत. परीक्षकाने त्याच्यापुढे एक जुनं स्विस पेटंट ठेवलं. ते तेलाच्या कॅनच्या शंक्वाकृती तोटीचं होतं. तिथे पॉपकॉर्नचा उल्लेख कुठेच नव्हता. न्यायालयाने परीक्षकाची बाजू मान्य केली. आकार तोच असेल आणि तो ते काम मुळातच करू शकत असेल, तर काम नव्याने सांगितल्यामुळे वस्तू नवी होत नाही.

टाचेच्या दाव्यांमध्ये हा निकाल पावलोपावली आठवतो. ‘हात न लावता पाय आत जाण्यासाठी योजलेला आधार’ असं लिहिणं सोपं असतं. पण जुन्या एखाद्या धावण्याच्या बुटात टाच घासू नये म्हणून तशीच दबणारी पट्टी असेल, आणि तिच्यावरूनही पाय सहज आत जात असेल, तर हेतूचं वाक्य दाव्याला वाचवू शकत नाही. अर्थात, जुनी वस्तू ते काम खरोखर करेल असं मानायला परीक्षकाकडे सबळ कारण हवं. तसं कारण त्याने दिलं की, ती करू शकत नाही हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराकडे जाते.

नांगराचा खटला

नावीन्याच्या पुढची पायरी अधिक अवघड आहे. वस्तू अगदी हुबेहूब आधी नसेल, पण त्या धंद्यातल्या सामान्य कुशल माणसाला ती सहज सुचली असती का? या प्रश्नावरचा अमेरिकेतला पायाभूत निकाल 1966 चा आहे, ग्रॅहॅम विरुद्ध जॉन डीअर. बुटाच्या टाचेशी त्याचं विलक्षण साम्य आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

दगडाळ जमिनीत नांगरताना फाळाचा दांडा दगडावर आपटतो आणि मोडतो. विल्यम ग्रॅहॅम याने स्प्रिंगचा असा चिमटा केला की दगड आला की दांडा वर उचलला जाई आणि दगड गेला की जागेवर परत येई. पुढे त्याने त्यात सुधारणा केली. दांडा बिजागरीच्या पट्टीच्या वर होता, तो तिच्या खाली आणला. त्यावर वेगळं पेटंट मिळालं आणि भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ग्रॅहॅमच्या वकिलांनी सांगितलं की खाली आणल्यामुळे दांडा पूर्ण लांबीभर मोकळेपणाने वाकतो, आणि शोधाचा गाभा तोच आहे. न्यायालयाने अर्ज उघडून पाहिला. हे मोकळं वाकणं दाव्यांत नव्हतं आणि पेटंट कार्यालयापुढेही तो मुद्दा मांडलेला नव्हता. शिवाय दांडा खाली बसवण्याची पद्धत आधीच्या एका यंत्रात होतीच. पेटंट रद्द झालं.

दबून परत येणारी वस्तू, तिच्या जोडणीची जागा, आणि ‘ती कशी वाकते’ यावरून झालेला वाद: नांगर बाजूला ठेवला, तर हा टाचेचाच खटला आहे. त्यातला धडा प्रत्येक संशोधकाने लिहून ठेवावा. जो गुण तुमच्या रचनेचा प्राण आहे, तो पहिल्याच दिवशी अर्जात लिहा, शक्य असेल तर मोजून लिहा. कमान किती दाबाला झुकते, किती वेळा दाबल्यावर थकते, हे नंतर आठवून उपयोग नाही.

2007 मध्ये केएसआर विरुद्ध टेलीफ्लेक्स या गाडीच्या पेडलच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. धंद्यातला सामान्य कुशल माणूस यंत्रमानव नसतो. तोही डोकं चालवतो आणि माहीत असलेले भाग नेहमीच्या कामासाठी एकत्र जोडतो. अशा जोडणीतून अपेक्षित तेच फळ मिळत असेल, तर ती पेटंटपात्र नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये, मिर्झापूरच्या भांडी बनवण्याच्या पद्धतीच्या खटल्यात, हेच तत्त्व लावलं होतं. लेथवर भांडं घट्ट धरून ठेवण्याची ती युक्ती उपयोगी होती, कामगारांसाठी सुरक्षितही होती. पण न्यायालयाला ती कारखान्यात रोज होणाऱ्या सुधारणेहून वेगळी वाटली नाही. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यातलं कलम 3(एफ) हीच भिंत उभी करतं: ओळखीचे भाग ओळखीचं काम आपापल्या जागी स्वतंत्रपणे करत असतील, तर त्यांची नुसती नवी मांडणी शोध ठरत नाही.

परीक्षकाचंही कर्तव्य

हे सगळं ऐकून असं वाटेल की परीक्षकाने फक्त नकार द्यावा. तसं मुळीच नाही. परीक्षक अर्ज वाचतो तेव्हा उत्तर त्याच्यासमोर उघडं असतं. उत्तर पाहून प्रश्न सोपा वाटणं हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणून एका कागदातली कमान, दुसऱ्यातली तळाची खाच, तिसऱ्यातलं लवचिक कापड असं गोळा करून ‘हे सहज सुचलं असतं’ म्हणणं पुरेसं नाही. ते तीन कागद त्या काळातल्या कारागिराने एकत्र का आणले असते, याचं कारण लेखी द्यावं लागतं.

अर्जदाराच्या बाजूने आणखी एक पुरावा येतो: गरज फार काळची होती आणि ती कोणी भागवू शकलं नव्हतं. या पुराव्याबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. अपंगांसाठीच्या वस्तूंमध्ये तो फार काळजीने तपासला पाहिजे. एखादी गरज वर्षानुवर्षं भागली नाही, याची दोन कारणं असू शकतात. उपाय खरोखर अवघड होता, किंवा गरजू माणसांना उद्योगाने गिऱ्हाईक म्हणून मोजलंच नव्हतं. पहिलं कारण असेल तर ते संशोधकाचं श्रेय आहे. दुसरं असेल, तर ती समाजाची उपेक्षा आहे, आणि उपेक्षेचं रूपांतर कोणाच्याही मक्तेदारीत होऊ नये. म्हणून परीक्षकाने विचारावं: कोणी प्रयत्न केले होते? ते का फसले? फसलेल्या प्रयत्नांची नोंद असेल, तर अर्जदाराला त्याचं माप पदरात घालावं. नुसता काळ लोटला हा पुरावा अपुरा आहे.

दिसणं आणि चालणं

पादत्राणांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा नेहमी होतो. बुटाचं रूप आणि बुटाची रचना यांचे हक्क वेगळे आहेत. आपल्या 2000 च्या डिझाइन कायद्यात रूपाची नोंदणी होते, आधी 10 वर्षं आणि वाढवून आणखी 5. बांधणीची पद्धत आणि निव्वळ यांत्रिक योजना त्या कायद्याने स्पष्टपणे वगळली आहे. टाचेमागची कमान वाकते कशी, हे पेटंटचं क्षेत्र. ती बाहेरून दिसते कशी, हे डिझाइनचं. एखाद्या प्रदेशाला आणि तिथल्या परंपरेला जोडलेला हक्क तिसरा, भौगोलिक मानांकनाचा. कोल्हापुरी चपलेला तो महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी मिळाला आहे. त्याचा टाचेच्या यंत्रणेशी संबंध नाही, पण लोक तिन्ही हक्क एकाच पिशवीत घालतात म्हणून सांगितलं.

डिझाइनच्या क्षेत्रातही आधीची प्रसिद्धी घातक ठरते. क्रॉक्सच्या छिद्रांच्या चपलेचं युरोपीय डिझाइन 2018 मध्ये तिथल्या न्यायालयाने रद्द ठरवलं. कारण ती चप्पल 2002 मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथल्या बोटींच्या प्रदर्शनात कंपनीने स्वतःच मांडली होती, आणि अर्जाच्या मुदतीच्या हिशेबात ते फार आधी होतं. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने क्रॉक्सला भारतीय स्पर्धकांविरुद्ध अंतरिम मनाई नाकारली, तीही आधीच्या प्रसिद्धीच्या कारणाने. मोठ्या कंपनीला जो नियम लागतो, तोच आपल्या अभियांत्रिकी कॉलेजातल्या मुलांना लागतो. प्रदर्शनात मॉडेल मांडून, व्हिडिओ टाकून, मग पेटंटकडे धावलं, तर उशीर झालेला असतो.

बूट कोणाच्या पायात पोचतो

2021 मध्ये गो फ्लायईझ आला तेव्हा तो मर्यादित संख्येने विकला गेला. हौशी लोकांनी आणि फेरविक्री करणाऱ्यांनी तो उचलला आणि मूळ 120 डॉलरच्या बुटाचे भाव फेरविक्रीत कितीतरी वर गेले. अपंगांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. ज्यांच्या गरजेतून हा प्रवास सुरू झाला, त्यांनाच तो मिळेना. पेटंट कायदा बुटाचा भाव ठरवत नाही. पण दावे किती रुंद दिले जातात, यावरून दुसरा कोणी तसा बूट करू शकेल की नाही, हे ठरतं. भारतात आणि अमेरिकेतही पेटंटची मुदत अर्जापासून 20 वर्षांची असते. आज खुब्याचं ऑपरेशन झालेल्या सत्तरीच्या माणसाला 20 वर्षं थांबायला सांगणं म्हणजे नकारच देणं. अरुंद आणि प्रामाणिक दाव्यामुळे पहिल्या संशोधकाला त्याचं फळ मिळतं, आणि दुसऱ्याला त्याच गरजेसाठी स्वस्त, वेगळी टाच करायची मोकळीक राहते. मी अरुंद दाव्यांच्या बाजूने उभा आहे, तो या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून.

आपण काय करायचं

आपल्याकडे परीक्षण मागावं लागतं. अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षणाची विनंती 2024 च्या नियमांनुसार अग्रक्रमाच्या, म्हणजे त्या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या, तारखेपासून 31 महिन्यांच्या आत करावी लागते. मग पहिला परीक्षण अहवाल येतो आणि त्याला उत्तर द्यायला सहा महिने मिळतात. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात जातात. हे सगळं सामान्य माणसाला खुलं आहे. प्रसिद्ध झालेला अर्ज कोणीही वाचू शकतो. पेटंट मंजूर होण्याआधी कलम 25(1) खाली कोणतीही व्यक्ती लेखी विरोध नोंदवू शकते.

विरोधाला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे तारीख असलेला कागद. हळदीच्या अमेरिकन पेटंटची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने ते 1997 मध्ये रद्द करून घेतलं. जखमेवर हळद लावणं प्रत्येक घराला माहीत होतं, पण परीक्षकापुढे चालले ते छापील संदर्भ: जुने ग्रंथ आणि 1953 मधला एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख. आपल्या पादत्राणांच्या ज्ञानाची तशी नोंद कुठे आहे? पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र, मुंबईत हाजी अलीजवळची पुनर्वसन संस्था आणि गावोगावच्या चर्मकारांची दुकानं, इथे पायाच्या गरजेप्रमाणे बूट-चपला बदलून दिल्या जातात. टाच कापून पट्टी लावली जाते, मागे इलॅस्टिक शिवलं जातं, कडेला ओढायचा फास बसवला जातो. गिऱ्हाईक समाधानाने घरी जातं आणि ते ज्ञान तिथेच संपतं. उद्या तीच युक्ती कोणी दाव्यात लिहिली, तर परीक्षकाला ती सापडणार कशी?

म्हणून माझी विनंती आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, अवयव केंद्रांतले तंत्रज्ञ, पादत्राण संस्थांतले शिक्षक आणि विद्यार्थी यांनी अशी प्रत्येक दुरुस्ती आकृती, माप आणि तारखेसह लिहून एखाद्या नियतकालिकात प्रसिद्ध करावी, आणि ज्या कारागिराने ती केली त्याचं नाव त्याच्या परवानगीने त्यावर घालावं. ज्यांना स्वतःच्या रचनेवर हक्क हवा आहे, त्यांनी ती कोणालाही दाखवण्याआधी प्राथमिक अर्ज दाखल करावा. पूर्ण तपशील द्यायला कायदा 12 महिने देतो. आणि कोणाच्या प्रसिद्ध झालेल्या अर्जात रचनेऐवजी आपल्या सगळ्यांच्या गरजेवरच हक्क सांगितलेला दिसला, तर परीक्षकाला एकटं सोडू नका. कागद घेऊन त्याच्यापुढे जा आणि लेखी विरोध नोंदवा.